कोड : सौंदर्याचा प्रश्न की आरोग्याचा हक्क?

कोणता विकार आजार समजायचा आणि कोणता केवळ हौसेचा विषय मानायचा, हा निर्णय वैद्यकशास्त्र एकट्याने घेत नसते. करआकारणीचे नियम, विमा कंपन्यांची कलमे आणि रुग्णालयांचे अर्थसंकल्प मिळून तो निर्णय घेतात. परिणाम मात्र रुग्णाला भोगावे लागतात. कोड, म्हणजे लोक ज्याला पांढरे डाग म्हणतात तो विकार, याचे ठळक उदाहरण आहे. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा आरोग्यसेवा करमुक्त ठेवण्यात आली. परंतु केशरोपण, सौंदर्यशस्त्रक्रिया आणि प्लास्टिक सर्जरी त्या सवलतीतून वगळण्यात आल्या. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्यासाठी त्या केल्या तरच सवलत. अपवादांच्या या यादीत 'रोग' हा शब्दच नाही. आरोग्य विम्याच्या पॉलिसींना 2020 पासून लागू झालेल्या प्रमाणित कलमांचीही तीच तऱ्हा. अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्यावरील प्रत्यक्ष व तात्काळ धोका टाळणारे उपचार एवढेच त्या वगळणुकीतून सुटतात. कोडाने कोणी आज-उद्या दगावत नाही. तेव्हा कोडाचा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी गेला की तो रूप सुधारायला आला आहे, असे म्हणण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे.

या सोयीविरुद्ध समाजवादी चळवळीने भूमिका घेण्याची वेळ आली आहे. कारण कोडावर पेशीरोपणाचा जो उपचार आज उपलब्ध आहे तो स्वस्त आहे, फारशा यंत्रसामग्रीवाचून करता येण्याजोगा आहे आणि त्याच्या जडणघडणीत भारतातील सार्वजनिक संस्थांचा मोठा वाटा आहे. तरीही तो परळच्या गिरणी कामगाराच्या नातवापर्यंत हक्काने पोहोचण्याऐवजी, त्याच गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींतून 'पुनरुज्जीवन चिकित्सा' या भारदस्त नावाने विकला जात आहे.

रोग आणि त्याची सावली

कोड म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. त्वचेला रंग देणारे द्रव्य ज्या पेशी तयार करतात, त्या रंगपेशींवर शरीराचीच संरक्षक यंत्रणा हल्ला करते आणि त्या नष्ट होतात. हा विकार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एकाच चाळीत राहिल्याने तो होत नाही. कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, कोडात जंतू नसतात. पण भाषेने घात केला आहे. 'कोड' हा शब्द 'कुष्ठ' या शब्दापासूनच आला, आणि 'श्वेतकुष्ठ' या नावाने तर दोन्ही रोगांची कायमची गाठ मारून टाकली. कुष्ठरोग्यांना वस्तीबाहेर काढण्याची जी क्रूर रीत समाजाने शतकानुशतके पाळली, तिची सावली कोडाच्या रुग्णावर आजही पडते.

जगाच्या लोकसंख्येत अर्धा ते दोन टक्के लोकांना कोड असते, असे सामान्यतः मानले जाते. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. अगदी अर्धा टक्काच धरला तरी एकट्या या शहरात 62 हजार माणसे होतात. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना पहिला डाग विशीच्या आत दिसतो, म्हणजे शाळा, नोकरी आणि लग्न या तिन्ही दारांशी उभे असताना. सुखवस्तू घरात ही मनाची व्यथा असते. कष्टकऱ्याच्या घरात ती पोटाची होते. खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या बोटांवर डाग आले की गिऱ्हाइके कुरकुरतात आणि मालक दुसरी बाई पाहतो. दादरच्या दुकानात साड्या उलगडून दाखवणाऱ्या मुलीला आतल्या खोलीत हिशेबाला बसवतात. घरकामाला जाणारीला कारण न सांगता पुढल्या महिन्यापासून येऊ नका म्हणतात. मुलीच्या मानेवर डाग दिसला की तिच्या धाकट्या बहिणीचेही लग्न अडते. रोजगार बुडवणारा विकार हौसेचा कसा ठरतो, याचे उत्तर करनियम लिहिणाऱ्यांनी द्यावे.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता असोसिएशन' उभी करून या रुग्णांना एकत्र आणले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2006 साली 'नितळ' या चित्रपटातून हा विषय मराठी प्रेक्षकांपुढे मांडला. समाजमन बदलण्याचे हे काम मोलाचे आहे. पण रुग्णालयांची धोरणे बदलण्याचे काम राजकीय आहे, आणि ते राजकीय पक्षांनीच करायचे असते.

विज्ञानाने काय साधले

बावचीच्या बियांचा लेप आणि ऊन हा कोडावरील उपाय आयुर्वेदाला ठाऊक होता. कैरोच्या एल मोफ्ती यांनी 1940 च्या दशकात त्याच जातीचे द्रव्य असलेल्या इजिप्तमधील वनस्पतीचा आधुनिक पद्धतीने अभ्यास केला. त्यानंतर औषध देऊन अतिनील किरण सोडण्याची पद्धत आली, आणि 1997 पासून 311 नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातील अतिनील किरणांचा उपचार कोडासाठी रूढ होऊ लागला. ज्या डागांत रंगपेशींचा काही साठा, विशेषतः केसांच्या मुळाशी, शिल्लक असतो तेथे हा उपाय लागू पडतो. जेथे पेशीच उरलेल्या नाहीत तेथे त्या दुसरीकडून आणाव्या लागतात. पेशीरोपणाचे मर्म एवढेच.

या क्षेत्रात भारत मागे नव्हता. दिल्लीचे डॉ. प्रेमनाथ बहल यांनी 1964 सालीच पातळ त्वचेचे तुकडे लावून कोडावर केलेले उपचार प्रसिद्ध केले. 1971 मध्ये कोलंबियातील फालाबेला यांनी त्वचेवर फोड आणून त्याचे वरचे कवच रोपण करण्याची रीत दाखवली. 1992 साली फ्रान्समध्ये गोतिए यांनी त्वचेच्या पेशी सुट्या करून त्यांचे द्रावण डागावर सोडले. 1998 मध्ये स्वीडनच्या ओल्सन आणि युलिन यांनी ही पद्धत सुधारली. 2003 मध्ये डॉ. संजीव मुळेकर यांनी ती आणखी सोपी करून आपले निष्कर्ष मांडले. पुढचे पाऊल आपल्या सार्वजनिक संस्थांनी टाकले. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी केसांच्या मुळांतील पेशी वापरण्याची पद्धत 2011 मध्ये मांडली. चंडीगडच्या पीजीआयने 2014 मध्ये प्रयोगशाळेची गरज कमी करणारी चार कप्प्यांची पद्धत प्रसिद्ध केली. जोधपूरच्या डॉक्टरांनी तर विकर आणि प्रयोगशाळा दोन्ही वगळून, मलमात मिसळलेला त्वचेचा कीस डागावर पसरण्याची रीत 2017 मध्ये पुढे आणली. श्रीमंत देशांत उपचार यंत्राच्या पेटीत बंद होत असताना गरीब देशाचे डॉक्टर तो पेटीतून बाहेर काढत होते, असा हा इतिहास आहे.

प्रत्यक्ष कृती समजून घेण्याजोगी आहे. मांडीवरून किंवा कमरेखालून कागदासारखा पातळ त्वचेचा पापुद्रा काढतात. डागाच्या क्षेत्रफळाच्या पाचवा ते दहावा हिस्सा पुरतो. ट्रिप्सिन या विकराच्या द्रावणात तो शरीराच्या उष्णतेइतक्या तापमानाला ठेवला की पेशींचे बंध सुटतात. यंत्रात फिरवून पेशी तळाशी गोळा केल्या जातात. डागाची वरची त्वचा अलगद खरवडून त्यावर या पेशी पसरतात आणि पट्टी बांधतात. काही तासांत काम आटोपते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. रंग काही आठवड्यांनी दिसू लागतो, भरून यायला महिने लागतात. पेशी रुग्णाच्याच असतात. त्या प्रयोगशाळेत वाढवल्या जात नाहीत, म्हणून महागड्या कारखान्याची आवश्यकता नसते. उष्मायनपेटी, पेशी फिरवणारे यंत्र, निर्जंतुक जागा आणि तयार हात एवढ्यावर भागते.

या उपचाराच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. डाग किमान वर्षभर न वाढता स्थिर राहिलेला असावा, असा दंडक त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांत घातलेला आहे. शरीराच्या एकाच बाजूस एका पट्ट्यात आलेल्या कोडात यश सर्वांत चांगले येते. सर्वांगावर पसरलेल्यात कमी. बोटांची टोके आणि सांधे यांवर रंग चिवटपणे येत नाही. शरीराची स्वतःवरच उलटण्याची प्रवृत्ती या रोपणाने जात नाही, म्हणून डाग पुन्हा येऊ शकतो. सारांश, योग्य रुग्ण निवडला तर हा उपचार उत्तम आणि निवड चुकली तर वाया. ही निवड कोणी करायची, येथेच बाजाराचा प्रश्न उपस्थित होतो.

बाजार काय करतो

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1963 साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही भाजीबाजारातील देवघेवीसारखी नसते. काय विकत घ्यावे हे रुग्णाला ठाऊक नसते आणि जो सल्ला देतो तोच विकणाराही असतो. कोडाच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. डाग अजून पसरतो आहे, वर्षभर थांबा, असे सांगणारा डॉक्टर स्वतःचे उत्पन्न बुडवतो. अनेक चिकित्सालयांत या शस्त्रक्रियेची आकारणी क्षेत्रफळावर होते. या शहरात जागेचा भाव चौरस फुटाला लागतो. आता माणसाच्या कातडीचा चौरस सेंटिमीटरला लागू लागला आहे.

जागतिक भांडवलाची रीत याहून सफाईदार. ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद फिओना वुड यांच्या कार्यातून भाजलेल्या रुग्णांसाठी विकसित झालेल्या रीसेल या उपकरणाला अमेरिकेत 2018 मध्ये भाजण्यासाठी आणि जून 2023 मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली. तत्त्व तेच, विकर तेच; पण एकदा वापरून टाकून द्यायच्या पेटीत ते बसवले की किंमत हजारो डॉलरच्या घरात जाते. 2022 साली तेथेच मान्यता मिळालेल्या रक्सोलिटिनिब मलमाच्या एका नळीचा भाव दोन हजार डॉलरच्या आसपास आहे. शास्त्र म्हणून दोन्ही स्वागतार्ह आहेत. पण येथल्या धोरणकर्त्यांनी आयात पेटीकडे डोळे लावून बसावे आणि चंडीगड-जोधपूरची रीत संशोधनपत्रिकांत पडून राहावी, हा बौद्धिक वसाहतवाद झाला.

याहून घातक आहे तो 'स्टेम सेल' या शब्दाचा व्यापार. सुट्या केलेल्या रंगपेशींचे रोपण ही सिद्ध झालेली त्वचाशस्त्रक्रिया आहे. मूळ पेशींची इंजेक्शने देऊन कोड कायमचे बरे करण्याची भाषा ही वेगळीच गोष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांतील मान्यताप्राप्त रोपणे सोडली तर मूळ पेशींचे उपचार मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पण 'पुनरुज्जीवन' या मोघम शब्दाच्या आडोशाने सिद्ध आणि असिद्ध एकाच फलकावर येतात.

हा फसवणुकीचा धंदा जुना आहे, केवळ पोशाख बदलला. बिहारमधील कतरीसराय येथून 'सफेद दाग' घालवणारी औषधे टपालाने धाडणाऱ्या जाहिराती एका पिढीने वाचल्या आहेत. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या 1954 च्या कायद्याच्या परिशिष्टात कोडाचा स्पष्ट उल्लेख असूनही भिंतींवरची आणि आता भ्रमणध्वनीवरची जाहिरात थांबलेली नाही. राज्यकर्ते या वातावरणाला खतपाणीच घालतात. ऑक्टोबर 2014 मध्ये गिरगावातील हरकिसनदास रुग्णालय नव्या रूपात खुले झाले, त्या समारंभात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी गणपतीच्या गजमुखाचा दाखला देऊन प्राचीन काळी प्लास्टिक सर्जन असला पाहिजे असे उद्गार काढले. ज्या देशात त्याच शास्त्रातील खरे काम पीजीआय आणि एम्समध्ये होत होते, तेथे पुराणाचा आधार शोधावा लागला!

मात्र चिकित्सक बुद्धी केवळ प्रतिपक्षासाठी राखून ठेवायची नसते. 1980 च्या दशकात समाजवादी क्यूबाने मानवी वारेपासून केलेले मेलॅजेनिना हे औषध कोडावर रामबाण म्हणून जगापुढे ठेवले आणि देशोदेशीचे रुग्ण हवानाकडे गेले. स्वतंत्र, तुलनात्मक चाचण्यांचे पुरेसे पाठबळ त्या दाव्यांना लाभले नाही. क्यूबाच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेबद्दल आदर बाळगूनही हे म्हटले पाहिजे. पुराव्याला पक्ष नसतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप चळवळीतूनच येतो. क्षयाचे रुग्ण खाटेवाचून परततात, तेथे डागांचे लाड कशाला? हा युक्तिवाद दिसतो न्यायाचा, पण चालतो अन्यायाच्या बाजूने. क्षयासाठीच्या खाटा कोडाच्या रुग्णाने अडवलेल्या नाहीत. या उपचाराला बहुधा खाट लागतच नाही. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटी रुपयांहून मोठा आहे. त्यात त्वचारोग विभागांसाठी काही यंत्रे आणि चार तंत्रज्ञ बसत नाहीत, असे म्हणणे हा हिशेब नसून बहाणा आहे. शिवाय गरिबाने फक्त जगावे, चांगले दिसण्याची आणि सन्मानाने वावरण्याची इच्छा धरू नये, हा विचार सरंजामी आहे.

दुसरा आक्षेप अधिक सुसंस्कृत आहे. दोष त्वचेत नसून पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, म्हणून उपचार नजरेवर करावा. यातील अर्धे सत्य निर्विवाद आहे. 1975 पासून गोरेपणाचे मलम विकणाऱ्या कंपनीने 2020 साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, तरी रंगाची उतरंड मोडली नाही. सावळ्याला गोरेपण विकायचे आणि पांढऱ्या डागाला सावळेपण, हा एकाच बाजाराचा दुहेरी व्यवहार आहे. म्हणून कोणी डागांसह ताठ मानेने जगायचे ठरवले तर चळवळीने त्याच्या पाठीशी उभे राहावे. पण नजर बदलेपर्यंत त्या साडीच्या दुकानातील मुलीने वाट पाहावी, असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. उपचार नाकारण्याचे स्वातंत्र्य त्यालाच असते, ज्याला उपचार परवडतो.

रोगाची कारणेही सगळी शरीरात नसतात, याचे भान कामगार संघटनांनी ठेवावे. 1939 साली अमेरिकेत कातडी कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उमटले, तेव्हा दोष रबरी हातमोज्यांतील रसायनाचा निघाला. टिकलीच्या डिंकातील आणि रबर, चिकटद्रव्ये यांतील काही रसायने रंगपेशी मारतात, हे भारतातील त्वचातज्ज्ञांनी नोंदवले आहे. जपानमध्ये 2013 मध्ये कानेबो कंपनीला त्वचा उजळवणारी प्रसाधने परत घ्यावी लागली, कारण हजारो ग्राहकांच्या त्वचेवर पांढरे चट्टे उठले होते. नफा खासगी आणि डाग ग्राहकाचा, असा हा व्यवहार आहे.

परळचा वारसा आणि आजची मागणी

परळ हे कामगारांचे उपनगर होते तेव्हापासून ते आरोग्याचेही केंद्र आहे. हाफकिन संस्था 1899 पासून येथे आहे. 1926 साली सुरू झालेल्या के. ई. एम. रुग्णालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी तेथील डॉक्टर भारतीयच असावेत अशी अट घातली होती. परकीय सत्तेखाली स्वदेशी वैद्यकाने आपली योग्यता तेथे सिद्ध केली. त्याच आवारात राष्ट्रीय रक्तविकार संस्था आहे, जवळच टाटा स्मारक रुग्णालय. टाटा आणि मुंबई आयआयटी यांच्या संशोधनातून निघालेल्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, परदेशातील किमतीच्या साधारण दशांशात. पण तो दशांशही लालबागच्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. सार्वजनिक ज्ञान खासगी किमतीला विकले गेले की असे होते. कोडाच्या बाबतीत ही चूक टाळणे शक्य आहे, कारण येथे पेटंटाची भिंत आडवी नाही.

मागण्या साध्या आहेत. महापालिकेच्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कोडावरील पेशीरोपण एखाद्या डॉक्टरच्या उत्साहावर न सोडता ठरलेल्या दिवशी चालणारी मोफत सेवा म्हणून असावे. शस्त्रक्रियेची निवड, तिचे यश आणि अपयश यांची एकत्र नोंदवही ठेवून दरवर्षी प्रसिद्ध करावी. खासगी दाव्यांना तोच खरा लगाम ठरेल. कोडावरील शस्त्रक्रिया ही रोगावरील उपचार आहे, असा स्पष्ट शब्द करसवलतीत आणि विम्याच्या कलमांत घालावा. ज्या धर्मादाय रुग्णालयांवर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बलांसाठी राखण्याचे बंधन आहे, त्यांनी हा उपचार त्या योजनेत द्यावा. 1954 च्या कायद्याखाली फसव्या जाहिरातींवर खटले भरावेत.

आणि एक मागणी वेळेची. अतिनील किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने घ्यावा लागतो. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. केसपेपर काढून रांगेत उभे राहायचे तर प्रत्येक खेपेला खाडा पडतो आणि रोजंदारीवाला महिन्याभरात उपचार सोडून देतो. मग कागदोपत्री तो 'अनियमित रुग्ण' ठरतो. उपचार मोफत असूनही महाग पडतो तो असा. महापालिकेने 2022 पासून सुरू केलेल्या 'आपला दवाखाना' केंद्रांपैकी स्थानकांजवळच्या निवडक केंद्रांत संध्याकाळी हे किरणयंत्र चालवता येईल.

कार्यकर्त्यांनी कामाला लागायचे ते येथूनच. चाळीचाळींतून रुग्णांची यादी करावी. कोड पसरत नाही, शिवाशिवीने होत नाही, हे गणेशोत्सवाच्या मंडपातून सांगावे. कोणाला या कारणाने कामावरून काढले असेल तर युनियनने ते प्रकरण हाती घ्यावे. आणि यादी घेऊन महापालिकेच्या आरोग्य समितीपुढे जावे. 1982 च्या संपानंतर गिरणगावाच्या जमिनी गेल्या, भोंगे गेले. के. ई. एम. मात्र अजून लोकांच्या मालकीचे आहे. तेथे काय मिळावे हे ठरवण्याचा अधिकारही लोकांनी आपल्याकडे घेतला पाहिजे.